श्रावण सोडून

फॉर्मवर एक रकाना होता : मद्यपान.
कधीच नाही, कधीकधी, नियमित.
मोरेश्वरने माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि 'कधीच नाही'वर खूण केली,
गॅसवाल्याच्या पावतीवर सही करावी तशी.

डॉक्टरीणबाई तरुण. वर न बघता म्हणाली, नक्की ना?
मी म्हणाले, आठवड्यातून दोनदा.
श्रावण सोडून.

एसी तेवढा बोलत राहिला.
मोरेश्वर असा बघत होता माझ्याकडे
की गाठीचं काय, ते परवाच कळलेलं,
खरी बातमी ही.
तो स्वतः रोज घेतो. टीव्हीसमोर, शेंगदाण्यांसकट.
त्याच्यापुढे फॉर्म कुणी सरकवला नाही.

वारज्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे,
मी आणि रत्नप्रभा, माझी जाऊ.
धाकटे भावजी गेले त्या वर्षी सुरू झालं.
कोकम सरबतात व्होडका, स्टीलचे पेले,
कुणी वर आलंच तर पित्तावर उपाय.
खाली हायवेवरून ट्रक चांदणी चौकाकडे चढायचे,
दिव्यांची ओळ हलायची,
आणि रत्ना म्हणायची, अगं थांब, आपणच हलतोय.
एवढं हसलेय मी फक्त तिथे.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

सत्तावीस वर्षं सहकारी बँकेत कॅशवर काढली.
दहा रुपये कमी पडले तरी
सापडल्याशिवाय पर्स उचलली नाही.
तेव्हा केमोनंतरच्या एका रात्री,
तोंडाला गंजक्या खिळ्याची चव,
मी हिशेब मांडला :
साठ मिली, आठवड्याला दोनदा, श्रावण वजा,
गुणिले चौदा वर्षं.
ऐंशी लिटर.
लग्नात पाण्याचे जार ठेवतात, तसे चार.
पलंगाशेजारी ओळीने उभे केले
आणि विचारलं, तुमच्यातला कोणता?

डॉक्टरीणबाई म्हणाली,
दारूने हा आजार व्हायची शक्यता वाढते, हे खरं.
पण तुम्हाला त्यानेच झाला असं मला सांगता येणार नाही.
कुणालाच नाही.
मग आता? आता घेतली तर परत येईल?
ती थांबली.
ती थांबली हे मला आवडलं.
काही अभ्यास हो म्हणतात, काही म्हणतात फारसा फरक नाही.
कमी तेवढं बरं. शून्य असेल तर उत्तम.
म्हणजे टॅली होत नाही.
आयुष्यात पहिल्यांदा
पैसे न जुळता मी तिजोरीला कुलूप लावलं.

रत्ना डबा आणायची. मऊ भात, मेतकूट.
एकदाच विचारलं तिने,
माझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवता फिरवता,
पहिला पेला मी भरला होता ना गं?
म्हटलं, हो. आणि रिकामा मी केला.
मग दोघी गप्प. भात गार झाला.

बंद करून दीड वर्ष झालं.
शाबास म्हणतात लोक, तेव्हा मला राग येतो.
काय सोडलं ते त्यांना माहीत नाही.
रात्री गोळीच्या वाफा अंगातून उठतात,
पाठ भिजते, खिडकी उघडते मी,
आणि जीभ आपली आपण
कोकमाच्या आंबटात तो कडू धागा शोधत बसते.

आज रत्नाची तारीख आहे.
तीन वेळा टाळली, चौथ्यांदा मी रिक्षा दारात उभी केली.
एरंडवण्याचा तोच कॉरिडॉर, तीच कुंडी,
तिच्यात कुणीतरी चहाचा कागदी कप खोचलेला.
आत मशीन घरघरतंय.
तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या,
मंगळसूत्र नव्हतंच,
आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

पर्स जड आहे. हलवली की आत काच वाजते.
चष्म्याची पेटी असेल. अत्तर असेल.
आमच्याकडे चपटी म्हणतात, ती असेल.
चेन अर्धी उघडी आहे.

मी ती ओढून लावते
आणि पर्स दोन्ही हातांनी धरून बसते,
पहिल्या दिवशी कॅशची पेटी धरली होती तशी.